सुईचा विस्तव आणि रक्ताचा पाट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला उष्णतेचं समीकरण शिकवायला घेतलं की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. ‘मॅडम, इदर उपयोग एनरी?’ प्रश्न वाजवी आहे. जोसेफ फुरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्यासमोर होत्या धातूच्या कांबी आणि कडी. एका ठिकाणी तापवलं तर दुसऱ्या ठिकाणी ऊब किती वेळाने आणि किती पोचते, हे त्याला मोजायचं होतं. आमच्या उद्यमबागेत फौंड्र्या कमी नाहीत. वर्गातल्या कित्येकांचे वडील, काका तिथे कामाला असतात. त्यामुळे ओतकामाचं उदाहरण दिलं की मुलांना पटायचं. अलीकडे मात्र मी वेगळं उदाहरण देते. माणसाच्या यकृतातली, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या लिव्हरमधली, अडीच सेंटिमीटरची गाठ आणि तिच्यात घातलेली एक सुई.

(गणित शिकवणारी बाई एम.ए. कशी, असं विचारणारे अजून भेटतात. आमच्या वेळी बी.ए.ला गणित घेता यायचं आणि मी ते घेतलं, एवढंच.)

या उपचाराचं नाव लांबलचक आहे, रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. दवाखान्यात नुसतं आरएफए म्हणतात. यात सहसा पोट उघडावं लागत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत बघत कातडीतून बारीक सुई गाठीत न्यायची, विजेला परत जायला वाट हवी म्हणून मांड्यांवर चिकट पट्ट्या लावायच्या आणि सुईतून वीज सोडायची. आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. हिची साधारण साडेचार ते पाच लाख हर्ट्झ. धारवाड आकाशवाणी ज्या मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याच्या किंचित खाली ही येते, म्हणून नावात रेडिओ. इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या विजेचा झटका स्नायूंना बसत नाही, हे द’आर्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१च्या सुमाराला दाखवून दिलं होतं. झटका बसत नाही, पण पेशींच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे कण त्या विजेबरोबर पुढेमागे हेलकावत राहतात आणि त्या घुसळणीने ती जागा तापते. म्हणजे तापलेली सळई टोचण्याचा हा प्रकार नव्हे. उष्णता तयार होते ती सुईभोवतीच्या मांसात. यकृतातल्या गाठींसाठी ही युक्ती १९९० साली इटलीतल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मांडली.

आमच्या नात्यात हा शब्द पहिल्यांदा आला तो निपाणीच्या मावशीमुळे. दारूचा थेंब न शिवलेली ही बाई. पण कावीळ ‘बी’चा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहून गेलेला, त्यातून सिरॉसिस आणि मग तपासणीत सापडलेली २.४ सेंटिमीटरची गाठ. लिव्हरचा आजार म्हटल्यावर शेजारपाजारच्यांनी जे तर्क केले, त्यांचा तिला गाठीपेक्षा जास्त त्रास झाला. यकृत आधीच थकलेलं, त्यामुळे कापून काढण्याचा मार्ग तिच्यासाठी धोक्याचा होता. मोठ्या गावातल्या डॉक्टरांनी आरएफए सुचवलं. तिची सून धारवाडकडची. तिने माहेरी फोनवर सांगितलं, तर तिकडून घाबरलेला प्रश्न आला, ‘सुडतारंत?’ जाळतात म्हणे? तिने मला विचारलं. मी माझ्या बेताच्या कन्नडमध्ये म्हटलं, ‘सुडोदल्ल, बेयिसोदु.’ जाळायचं नाही, शिजवायचं.

हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. अंडं उकडताना पांढरा भाग एकदा घट्ट झाला की पुन्हा पातळ होत नाही; पेशींमधल्या प्रथिनांचंही तसंच आहे. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की पेशी जवळजवळ तत्काळ मरतात, ५० ते ५५ अंशांना चार-सहा मिनिटं लागतात. याउलट १०० अंश ओलांडले की पाण्याची वाफ होते, सुईलगतचा भाग कोळशासारखा होतो आणि त्यातून वीज पुढे जायला तयार नसते. चुलीखाली जाळ मोठा केला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसं. म्हणून यंत्र सतत विजेला होणारा अडथळा मोजत असतं आणि तो वाढला की वीज कमी करतं. काही सुयांच्या पोटातून गार पाणी फिरवतात, तेही याचसाठी.

तापमान आणि वेळ यांचा हिशेब मला विशेष आवडतो. ४३ अंशांना एखादी जागा मारायला समजा २४० मिनिटं लागतात. त्यावर एक अंश वाढवला की वेळ साधारण निम्मा, आणखी एक वाढवला की पुन्हा निम्मा. बुद्धिबळाच्या पटावर दामदुप्पट तांदूळ मागणाऱ्या माणसाची गोष्ट उलटी चालवायची. दहा अंश वर, ५३ला, २४० मिनिटांची १४ सेकंदं उरतात. सापारेटो आणि ड्युई या दोघांनी १९८४ साली हा हिशेब रूढ केला. त्याच्याही आधी, १९४७ साली, हेन्रिक्स आणि मॉरिट्झ यांनी भाजण्याच्या जखमांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की पेशींचं नुकसान हे रासायनिक क्रियेसारखं तापमानाप्रमाणे वेग घेत साठत जातं. आजचे संगणक जवळपास याच दोन जुन्या हिशेबांवर ‘ही जागा मेली, ही वाचली’ असा निवाडा देतात.

आता प्रश्न असा, की सुईभोवतीची किती जागा मरेल? सुईच्या टोकापासून जसं दूर जावं तशी वीज पसरत जाते, आणि उष्णता विजेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती फार झपाट्याने घटते. सोपा नमुना घेतला तर अंतर दुप्पट झालं की उष्णता सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे वीज स्वतः तापवते ती सुईजवळची काही मिलिमीटर जागाच. त्यापुढचं काम फुरियेच्या समीकरणाचं, एका थरातून दुसऱ्या थरात ऊब झिरपत जाण्याचं. आणि नुसती दिसणारी गाठ शिजवून भागत नाही. कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी असतात, म्हणून चहूबाजूंनी अर्धा ते एक सेंटिमीटर जास्तीची जागा घ्यावी लागते. तीन सेंटिमीटरच्या गाठीचं आकारमान १४ घनसेंटिमीटर. सगळीकडून एक सेंटिमीटर वाढवा, व्यास पाच होतो आणि आकारमान ६५. एका सेंटिमीटरने काम साडेचारपटीहून वाढलं! छोट्या गाठींना हा उपचार चांगला लागू पडतो आणि मोठ्यांना तितका नाही, याचं अर्धं उत्तर या शाळकरी गणितात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर रक्तात आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

यकृत हे रक्ताने थबथबलेलं इंद्रिय आहे. दीड किलोच्या आसपास वजनाच्या या अवयवातून मिनिटाला लिटर-दीड लिटर रक्त वाहतं. ते ३७ अंशांचं रक्त तापलेल्या जागेतून जाताना ऊब घेऊन पुढे जातं. ऊस तुटून गेल्यावर शेतात पाचट पेटवलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. सगळं रान धडधडून जळतं, पण पाण्याच्या पाटाकडेची पट्टी ओली राहते, तिथलं पाचट हिरवट-पिवळं तसंच पडून असतं. यकृतात तीन मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी गाठीला लागून असेल, तर तिच्या कडेची जागा अशीच न शिजता राहू शकते. आणि इथे राहिलेली पट्टी पाचटाची नसते, कर्करोगाच्या जिवंत पेशींची असते.

सुई बनवणाऱ्या कंपन्या ‘इतकी वीज, इतकी मिनिटं, इतका आकार’ असे तक्ते देतात. त्यांतले बरेचसे आकडे कापून आणलेल्या, म्हणजे रक्त न वाहणाऱ्या यकृतावर प्रयोग करून काढलेले असतात. तिथे शिजलेला भाग छान अंडाकृती येतो. जिवंत माणसात तो कधी एका बाजूने चपटा, कधी कुरतडल्यासारखा येतो. संगणकाची गरज पडते ती या दोन आकारांमधल्या फरकासाठी.

त्यासाठी लागणारं समीकरण १९४८ सालचं आहे. हॅरी पेनिस हा अमेरिकन संशोधक माणसाच्या हाताचा, कोपर ते मनगट, अभ्यास करत होता. विश्रांती घेत असलेल्या माणसांच्या हातातून तापमान मोजणारी बारीक तार आरपार ओढून त्याने आत कुठे किती ऊब आहे ते टिपलं. मग फुरियेच्या समीकरणात त्याने एक पद वाढवलं: रक्त जितकं वाहतं, गुणिले रक्त आणि ती जागा यांच्या तापमानातला फरक. एवढंच. कर्करोगाचा किंवा सुईचा त्याच्या कामाशी काहीही संबंध नव्हता. पण आज गाठ शिजवण्याचं जवळपास प्रत्येक गणित त्या पदावर उभं आहे. त्याच्यावर टीकाही भरपूर झाली, कारण त्यात रक्त कुठल्या दिशेला वाहतं याचा विचार नाही. सगळ्या मांसात सारखी ओल मुरलेली आहे असं तो धरून चालतो. बारीक वाहिन्यांना हे चालतं. मोठा पाट वेगळा मांडावा लागतो.

संगणकाचं काम साधारण असं चालतं. रुग्णाच्या सीटी स्कॅनमधून यकृत, गाठ, मोठ्या रक्तवाहिन्या, पित्ताशय, आतडं, बरगड्या वेगवेगळ्या करून घ्यायच्या. मग तो सगळा भाग लाखो चिमुकल्या चौकोनी किंवा तिकोनी ठोकळ्यांत तोडायचा. प्रत्येक ठोकळ्यात आधी वीज किती, मग ऊब किती, मग नुकसान किती, हे क्षणाक्षणाला मोजत जायचं. शेजारचा ठोकळा तापला की हा तापणार. तापला की त्यातून वीज जास्त वाहणार, दर अंशाला सुमारे दोन टक्के. शिजला की त्यातल्या बारीक वाहिन्या बंद पडणार, म्हणजे रक्ताचं पद शून्य. गणित चालू असतानाच गणितातले आकडे बदलत राहतात, त्यामुळे कागदावर हे कधीच सुटलं नसतं. सुरुवातीला अशा एका गणिताला तासन्‌तास लागत. जर्मनीत ब्रेमेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली थोडी काटछाट करून हाच अंदाज सुई हलवता हलवता पडद्यावर येईल इतका जलद केला. त्यासाठी त्यांनी वापरलेला चित्रप्रक्रियक हा मुलांच्या व्हिडिओ गेमसाठी बनतो त्याच जातीचा. (घरात गेम खेळणाऱ्या पोरांच्या आयांनी हे वाक्य पोरांपासून लपवावं.)

मावशीच्या बाबतीत डॉक्टरांनी संगणकावर जे चित्र दाखवलं ते याहून साधं होतं. स्कॅनवर करडी गाठ, तिच्याभोवती हिरवं अंड्यासारखं वर्तुळ. गाठ त्या हिरव्यात पुरती मावत होती. माझ्या मावसभावाला हायसं वाटलं. पण डॉक्टरांनी शेजारून जाणाऱ्या एका जाड शिरेवर बोट ठेवून सांगितलं की या बाजूला हिरवं दिसतंय तेवढं होईलच असं नाही, सुई दोन ठिकाणी लावावी लागेल. भाऊ खर्चाच्या काळजीत. बाहेर आल्यावर त्याचा आवाज चढला. ‘गाठ एक, मग सुया दोन कशाला? कॉम्प्युटर म्हणतोय एकात होतंय. हे बिल वाढवायचे धंदे.’ त्याची सून-बायको, दोघींनी माझ्याकडे बघितलं.

मी त्याला पाटाचं उदाहरण तिथेच, पार्किंगमध्ये उभं राहून दिलं. त्याचा स्वतःचा ऊस आहे, त्यामुळे जास्त बोलावं लागलं नाही. पडद्यावरचं अंडं कंपनीच्या तक्त्यातलं होतं. त्याला मावशीची शीर ठाऊकच नव्हती. डॉक्टरांना ठाऊक होती. अशा वेळी काही शस्त्रक्रियांमध्ये रक्ताचा प्रवाहच थोडा वेळ रोखून धरतात, म्हणजे पाटाचं दार बंद करून मग पाचट पेटवायचं. मावशीच्या यकृताला ते झेपलं नसतं. दोन सुयांचा खर्च काढायला भावाने बँकेतली ठेव मोडली.

इथे गणिताची बाजू घेणारी म्हणून मला एक सांगितलं पाहिजे. समजा डॉक्टरांकडे सगळ्यात पुढारलेलं सॉफ्टवेअर असतं, तरी त्यात घालायचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, मावशीच्या त्या जागेतून मिनिटाला किती रक्त वाहतं, तो नेमका कुणाकडे नसतो. पुस्तकातले सरासरी आकडे निरोगी यकृताचे. सिरॉसिसच्या यकृतातून रक्त वेगळ्या मापाने वाहतं, चरबी साचलेल्या यकृतातून वीज आणि ऊब वेगळ्या मापाने जातात. गाठीभोवती सिरॉसिसचं निबर आवरण असेल तर ऊब आतच कोंडून राहते आणि गाठ उलट चांगली शिजते. शिवाय श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज. सुई ठरवलेल्या जागेपासून चार-पाच मिलिमीटर सरकली तरी पडद्यावरचं सुंदर चित्र दुसऱ्याच सुईचं ठरतं. म्हणून चांगला आराखडा एकच आकार दाखवत नाही. रक्त जास्त धरलं तर इतकं, कमी धरलं तर इतकं, अशा दोन कडा तो दाखवतो. गाठ आतल्या, लहान कडेत मावली पाहिजे, आणि बाहेरची, मोठी कड आतड्याला किंवा पित्तनलिकेला शिवता कामा नये. ती शिवत असेल तर डॉक्टर मध्ये पाणी भरून आतडं बाजूला सारतात. ते पाणी ग्लुकोजचं घेतात, मिठाचं नाही. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, हे आठवीतला मुलगाही सांगेल.

युरोपीय संघाने २००८पासून ‘इम्पॅक्ट’ आणि नंतर ‘गो-स्मार्ट’ या नावांनी असे आराखडे रुग्णालयापर्यंत नेण्याचे प्रकल्प चालवले. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला तर अनेक सुया स्कॅनवर आधी आखून, डोक्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या दिशादर्शक यंत्रणेच्या मदतीने नेमक्या जागी बसवण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडे पंजाबातल्या रोपडच्या आयआयटीत या गणितावर संशोधन झालं आहे. तरीही दवाखान्यात आज रोज वापरलं जातं ते मुख्यतः साधं, तक्त्यातल्या आकाराचं चित्र. रक्तासकट सगळं मोजणारं सॉफ्टवेअर अजून बरंचसं संशोधकांच्याच टेबलावर आहे. अनेक ठिकाणी आरएफएची जागा मायक्रोवेव्हच्या सुईने घेतली आहे. ती अधिक जोराने तापवते आणि रक्ताच्या पाटाला थोडी कमी दबते. समीकरण मात्र पेनिसचंच.

मावशीच्या दोन्ही सुया व्यवस्थित झाल्या, तिसऱ्या दिवशी ती घरी. महिन्याने कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन झाला तेव्हा सगळा भाग काळा, म्हणजे मेलेला. आठव्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये मात्र शिरेच्या बाजूला नखाच्या कोरीएवढी चकाकणारी रेघ आली. डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं तिथेच. दुसऱ्यांदा सुई दुसऱ्या बाजूने घातली गेली. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि दरवेळी आठवडाभर आधीपासून घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

ज्यांच्या घरात हा उपचार व्हायचा आहे त्यांनी डॉक्टरांना न संकोचता तीन गोष्टी विचाराव्यात. गाठीजवळ मोठी रक्तवाहिनी आहे का, आणि असल्यास त्या बाजूसाठी काय करणार? सुई बसल्यावर, वीज सोडण्याआधी, पुन्हा स्कॅन करून जागा तपासणार का? उपचारानंतर आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकावर एक ठेवून चारी बाजूंना किती मिलिमीटर जागा सुटली ते मोजणार का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी नुसता टाइप केलेला रिपोर्ट उपयोगी पडत नाही, मूळ चित्रं लागतात. मावशीच्या फाइलमध्ये त्या सीड्या आहेत. तिला तपासणीला कधी मुलगा नेतो, कधी सुनेचा धारवाडचा भाऊ, म्हणून सुनेने प्रत्येक पाकिटावर स्केचपेनने दोनदा लिहून ठेवलं आहे: एका ओळीत ‘आधी’ आणि ‘नंतर’, तिच्या खाली कन्नडमध्ये ‘मोदलु’ आणि ‘आमेले’.